उभ्या गाडीचा कर

आमच्या हिंगणीत रुख्मिणीबाई हे नाव फार थोड्यांना माहीत होतं. 'गाडीवाली' म्हटलं की शेंबडं पोरगंही बोट दाखवायचं. आता या बाईनं जन्मात कधी स्टिअरिंगला हात लावला नाही, तरी ती गाडीवाली. कारण तिच्या भावाच्या, अण्णाजीच्या अंगणात कडुनिंबाखाली एक निळी मेटॅडोर उभी होती आणि त्या मेटॅडोरच्या पोटात रुख्मिणीचं दुकान होतं. मागचे दोन दरवाजे उघडले की फळ्यांवर स्टीलचे गंज, पातेली, डबे, वाट्या. खाली साबण, बिस्किटं, पोरींच्या रिबिनी. टायर केव्हाच निघाले होते, त्यातले दोन अण्णाजीच्या बैलबंडीला लागलेले. गाडी विटांच्या ओट्यांवर टेकलेली, खाली कोंबड्या अंडी घालायच्या आणि भोपळ्याचा वेल समोरच्या काचेवर चढून बसायचा. ड्रायव्हरच्या सीटवर मात्र कोणी बसायचं नाही. एकदा माझ्या मेहुण्यानं गंमत म्हणून ते दार उघडलं, तर बाईनं त्याला असं काही सुनावलं की बिचारा चहा न पिता सेलूला परत गेला.

मी प्रभाकर. वर्धा डेपोत कंडक्टर होतो. अण्णाजीचं घर आणि माझं घर यांच्यामध्ये फक्त पऱ्हाट्यांचं, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचं, कुंपण. सुट्ट्या पैशांवरून भांडण्यात माझी अर्धी उमर गेली, त्यामुळं तोंड तिखट झालं ते झालंच. माझी बायको प्रमिला म्हणते, "याईच्या बॅगेत सुट्टे नसतेत, तोंडात बम असतेत." असो. रुख्मिणीला मी फ्रॉकात पाहिलेली. ती मला भाऊ म्हणायची आणि मी तिच्यावर सख्ख्या भावासारखा ओरडायचो.

तिला दिली होती सौंसरला. नागपूरच्या पुढं, हद्दीच्या पलीकडं. तिकडंही लोक मराठीच बोलतात, पऱ्हाटी-संत्रा तोच, भाजी-भाकरही तीच. फक्त राज्य मध्य प्रदेश. नवरा हिरालाल भांड्यांचा धंदा करायचा. आधी सायकलवर, मग बसच्या टपावर गाठोडी टाकून बाजारोबाजार फिरायचा. मी त्याला कितीदा म्हटलं असेन, "जावईबापू, आमच्या टपावर तुमच्या गंजांचा आवाज येते, पाशिंजर झोपत नाई." त्र्याण्णव साली त्यानं ही मेटॅडोर घेतली. जुनीच होती, पण त्या दिवशी त्यानं सासुरवाडीला पेढे पाठवले होते. त्यानंतर बाजाराला जाताना रुख्मिणी डाव्या बाजूच्या सीटवर, मांडीवर पोरगी गुंजन, आणि मागं अख्खं दुकान. चांगले दिवस होते ते. मला त्यांचा हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू?

शहाण्णवच्या हिवाळ्यात गुंजनला ताप होता म्हणून रुख्मिणी घरी राहिली. हिरालाल उमरानाल्याचा बाजार करून परत येत होता. मागं तीन बाजारकरू बसलेले. घाटात त्याच्या छातीत कळ आली. त्यानं काही म्हटलं नाही. सगळा घाट उतरवला, खाली आंब्याच्या झाडाशी गाडी बाजूला घेतली, बिरेक लावला, आणि मान खाली टाकली. मागच्या तिघांना वाटलं, लघवीला थांबला असेल. उतरून पाहतात तो सगळं संपलेलं. तीन वर्षांची पोरगी आणि पंचविशीतली बायको मागं ठेवून चांगला धट्टाकट्टा माणूस गेला. आजही लिहिताना माझा देवावरचा राग जात नाही.

सासरच्यांनी वर्षश्राद्धही होऊ दिलं नाही, त्याच्या आतच तिची खोली रिकामी करून मागितली. अण्णाजी तिला आणायला गेला. सोबत सेलूचा एक ड्रायव्हर नेला होता. भांडी, गाठोडं, पोरगी सगळं मेटॅडोरमध्ये टाकलं आणि हद्द ओलांडून हिंगणीला आणून उभं केलं. राज्य बदललं की गाडीलाही कागद लागतो, तिथल्या हापिसात जाऊन 'आम्ही निघालो' असं सांगावं लागतं, हे त्या दोघांच्या डोक्यात आलं नाही. बाई माहेरी येते तेव्हा सरकारला कोण विचारतं? तशीच गाडी आली.

लोकांनी सांगितलं, विकून टाक. केळझरचा एक गिऱ्हाईक तर पैसे खिशात घालूनच आला होता. रुख्मिणी त्याच्यासमोर आलीच नाही. मी कुंपणावरून ओरडलो, "अवं बाई, गंजून जाईन ते! कायले ठेवतं?"

ती म्हणाली, "भाऊ, गुंजन मोठी झाली का तिले काय दाखवू? त्याईचा फोटू एकच हाय, लग्नातला. त्याच्यात मुंडावळ्याईनं अर्ध तोंड झाकलं. बाप म्हणून तिच्यासाठी हे गाडी तरी राहू द्या."

मी म्हटलं, ठेव बाप्पा.

तशी आठ वर्षं गेली. दर दसऱ्याला अण्णाजी कुठून तरी बॅटरी मागून आणायचा, रुख्मिणी बोनेटवर हळदकुंकू वाहायची, झेंडूचा हार घालायची, इंजिन घटकाभर चालवायचं आणि बंद करायचं. धूर निघाला की ती पोरीला पुढं करायची. "पाय, तुह्या बाबाची गाडी." पोरगी नमस्कार करायची आणि प्रसादाच्या खोबऱ्यासाठी हात पुढं करायची.

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात तहसिलीचा कोतवाल हरिदास एक कागद घेऊन आला. वर नाव हिरालालचं, खाली 'मयताचे वारस' म्हणून रुख्मिणीचं. तिकडच्या राज्यानं इकडच्या कलेक्टरला लिहिलं होतं, इकडच्या कलेक्टरानं तहसीलदाराला, आणि शेवटी ते ओझं हरिदासच्या थैलीतून आमच्या अंगणात आलं. मेटॅडोरचा कर थकला होता. मालवाहू गाडीला तिकडं दर तिमाहीला कर भरावा लागायचा, आणि शहाण्णवनंतर एकही तिमाही भरली नव्हती. वरून दंड. रक्कम मी सांगत नाही. तेवढ्या पैशात तशा दोन मेटॅडोर आल्या असत्या, एवढं समजून घ्या.

रुख्मिणीनं कागद दोनदा वाचला. "पण गाडी तं उभी हाय," ती म्हणाली. "चालली असती तं भरला असता. उभ्या गाडीचा कायचा कर?"

मी भडकलो. तिच्यावर नाही, त्या कागदावर. मी म्हटलं, चल, मीच येतो, पाहतो कोण वसूल करून राह्यला ते. रजा टाकली आणि आम्ही सौंसरच्या जिल्ह्याच्या गावी, छिंदवाड्याला, आरटीओ हापिसात गेलो. तिथं माझी सगळी हवा गेली, कारण समोरचा बाबू भला माणूस निघाला. पांढरे केस, सावकाश बोलणं. त्यानं आम्हाला बसायला बाकडं दिलं, पाणी पाजलं, आणि म्हणाला, "बहनजी, गाड़ी खड़ी है ये सरकार को कैसे मालूम पड़ेगा? आपने तो बताया ही नहीं."

खरंच होतं. आम्ही कधी सांगितलंच नव्हतं. भांडायला गेलेला मी आणखी एक गिलास पाणी मागून प्यालो.

मग त्यानं वाट सांगितली. अर्ज द्या. वर्ध्याचा इन्स्पेक्टर घरी येऊन गाडी पाहील. गाडी वर्षानुवर्षं जागची हलली नाही, चालण्यालायक नाही, असं त्यानं लिहून दिलं तर मोठे साहेब कर माफ करू शकतील. नाहीतर सगळा भरावा लागेल, आणि गाडी ठेवायची तर पुढंही भरत राहावं लागेल. तिसरी एक वाट होती. त्या साली तिकडं सवलत निघाली होती. गाडी मोडीत काढायची, चेसिसवर नंबर कोरलेला असतो तेवढा लोखंडाचा तुकडा कापून आणून हापिसात जमा करायचा. मग दंड माफ, करही बराचसा माफ, उरलेलं भंगाराच्या पैशात भागून जाईल.

"कापायची?" रुख्मिणीनं विचारलं.

"हाँ, बहनजी. पूरी."

"नाई," ती म्हणाली आणि उठून बाहेर जाऊन उभी राहिली. मी एकट्यानं अर्ज लिहून दिला.

परतीच्या बसमध्ये मी तिला फोड करून सांगितलं. साहेब येईल. गाडी जशी आहे तशी दाखवायची. एक काडी हलवायची नाही. दुकान आत, कोंबड्या खाली, वेल काचेवर. विचारलं तर म्हणायचं, साहेब, भंगार हाय हे. ती खिडकीबाहेर पाहत होती. मला वाटलं, ऐकून राहिली आहे.

दिवाळीनंतर साहेब यायचा दिवस ठरला. नेमकी त्या दिवशी माझी आर्वीची ड्युटी लागली. सकाळी निघताना मी कुंपणावरून अण्णाजीला पुन्हा बजावलं. तो "हाव, हाव" म्हणाला. अण्णाजीचं 'हाव' म्हणजे ऐकलं, एवढाच अर्थ. मानलं, असा होत नाही.

संध्याकाळी मी परत आलो तर अंगणात मांडव घातल्यागत गर्दी. आणि मेटॅडोर? मला क्षणभर ओळखूच आली नाही. निळी, धुतलेली, तेलपाणी केलेली, चार चाकांवर उभी! बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, आरशाला लिंबू-मिरची, समोर झेंडूचा हार, आणि नंबरप्लेट ताज्या पांढऱ्या रंगानं रंगवलेली. दुकानाच्या फळ्या भिंतीला टेकवलेल्या. कोंबड्या डालग्याखाली. भोपळ्याचा वेल उकिरड्यावर, त्याला दोन भोपळेही होते.

झालं होतं असं की अण्णाजीनं आपलं डोकं चालवलं. आमच्याकडं आरटीओ साहेब म्हटलं की माणसाला एकच गोष्ट ठाऊक, पासिंग. पासिंगला गाडी न्यायची तर आदल्या दिवशी धुवायची, रंगाचा हात मारायचा, दुसऱ्याचे टायर मागून लावायचे, लिंबू बांधायचं. बाप-आज्यापासून असंच चाललेलं. "तो कंडक्टर काय सांगते," अण्णाजी प्रमिलेला म्हणाला म्हणे, "एस.टी.च्या गाड्या का पासिंगले घाण नेतेत? साहेब पाह्यला येऊन राह्यला अन् आपण त्याले कोंबडीची घाण दाखवू?" त्यानं बंडीचे दोन टायर काढले, दोन मागून आणले आणि मेटॅडोरला चढवले. सेलूहून मिस्त्री आणला, बॅटरी आणली, डिझेल आणलं. मी निघाल्यापासून दुपारी साहेब येईपर्यंत अख्खं घर राबत होतं, आणि मला ड्युटीपायी त्याचा पत्ता नाही. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, दुसरं काय?

साहेब तरुण होता, सभ्य होता. त्यानं चहा घेतला. गाडीला एक चक्कर मारली आणि त्याच्या कपाळावर आठी आली. त्यानं विचारलं, "चालू होते का?" अण्णाजीनं छाती फुगवून मिस्त्रीला खूण केली. मिस्त्रीनं बाहेरूनच हात घालून किल्ली फिरवली, आणि दुसऱ्या झटक्यात इंजिन सुरू झालं. जमलेल्या गावकऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या!

साहेबानं मग रुख्मिणीला बाजूला घेऊन विचारलं, "बाई, नीट विचार करून सांगा. ही गाडी चालण्यालायक आहे की भंगार झाली?" बिचारा हाताला धरून उत्तर सांगत होता. रुख्मिणीनं गाडीकडं पाहिलं. म्हणाली, "एक नंबर हाय साहेब. त्याईची गाडी हाय ते."

साहेब म्हणाला, "बाई, मग मी जे पाहिलं तेच मला लिहावं लागेल." लिहिलं आणि गेला.

हे सगळं प्रमिलेकडून ऐकलं आणि माझं टाळकं सरकलं. मी कुंपण ओलांडून गेलो आणि अण्णाजीला धरलं. "अबे येड्या, ते कोंबड्या तुहे साक्षीदार होते! तो वेल साक्षीदार होता! साक्षीदाराईले उकिरड्यावर फेकलं तुनं, अन् आता लिंबू बांधून काय करतं? आ बैल मुझे मार!" अण्णाजी तोंड वासून उभा. त्याला तोवर वाटत होतं की गाडी पास झाली.

मग मी रुख्मिणीकडं वळलो. "अन् तुले काय सांगतलं होतं मी? एक शब्द म्हणायचा होता. भंगार! एवढासा शब्द!"

ती फळ्या उचलून आत ठेवत होती. थांबली. म्हणाली, "भाऊ, त्या गाडीनं तीन माणसं जितेजागते घाटाखाली आणले. त्याईचा जीव जाऊन राह्यला होता तरी आणले. मी तिले भंगार कशी म्हणू? तोंडातून निघालंच नाई."

एकदा सुरू झालो की मी थांबत नाही, म्हणून आणखी थोडा वेळ अण्णाजीवरच ओरडलो आणि घरी गेलो. जेवण गेलं नाही.

पुढल्या संक्रांतीच्या सुमारास तिकडून उत्तर आलं. गाडी चालू स्थितीत असल्यामुळं माफी नाही. मुदतीच्या आत भरा, नाहीतर गाडी मोडीत काढून सवलत घ्या.

रुख्मिणीचं ठरलेलंच होतं. तिच्याजवळ आईच्या पाटल्या होत्या आणि गुंजनसाठी म्हणून जमवलेलं थोडं सोनं. ते मोडून सगळं भरायचं, आणि पुढं दर तिमाहीला दुकानातून. अण्णाजी आपल्या चुकीनं खचला होता. तो बैलजोडी विकायची गोष्ट करू लागला. तिनं त्याला हात जोडले आणि नाही म्हटलं. मी म्हटलं, "अवं, जागची न हालणाऱ्या गाडीसाठी पोरीचं सोनं मोडतं?" ती म्हणाली, "पोरीसाठीच मोडून राह्यली ना भाऊ. सोनं बाजारात भेटते. बाप भेटते का?"

सराफाकडं जायचा दिवस आला. मी सकाळी तिला घ्यायला गेलो. पहिली बस धरून सेलूला सराफाकडं आणि तिथून नागपूरमार्गे छिंदवाड्याला, असा बेत. गुंजनला शाळेची सुट्टी होती. अकरा वर्षांची पोरगी, दोन वेण्या घातलेली, गाडीच्या मागच्या दारात बसून साबणाच्या वड्या रचत होती. रुख्मिणी तिला म्हणाली, "दुकानावर ध्यान देजो. तुह्या बाबाची गाडी वाचवून येऊन राह्यली मी."

गुंजननं वर पाहिलं नाही. वड्या रचत रचतच म्हणाली, "आई, तू पाटल्या काऊन मोडतं?"

"सांगतलं ना. तुह्या बाबाची गाडी हाय."

"पण मले बाबा आठवतच नाई."

रुख्मिणी थबकली. "असं कसं आठवत नाई? त्याईच्या मांडीवर बसून हार्न वाजवे तू. आठवते तुले."

"नाई आठवत," गुंजन म्हणाली. आता तिनं वर पाहिलं, आणि तिचे डोळे भरून आले होते. "सगळे म्हणतेत बाबाची गाडी, बाबाची गाडी. मले तं हिच्यात तूच दिसते, साबण मोजून राह्यली, नाई तं उधारीवाल्याईशी भांडून राह्यली. अन् बाबाचं काई विचारलं का तू गाडीकडं पाह्यते अन् चूप बसते. ते कसे बोलत, काय खात, मले कोणी काईच सांगतलं नाई. गाडी काय सांगन मले?"

रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला. मी कंडक्टर माणूस, बस चुकणं म्हणजे माझ्या जिवाला लागतं. पण त्या दिवशी मी हललो नाही. रुख्मिणी गाडीच्या पायरीवर बसली. पाटल्यांची पुरचुंडी तिच्या मुठीत होती. हिरालाल गेला तेव्हाही मी तिचा चेहरा इतका भ्यालेला पाहिला नव्हता.

"आठ वर्षं," ती म्हणाली. "आठ वर्षं मी हिले लोखंड दाखवलं, भाऊ. माणूस नाई दाखवला."

बस गेली. मग ती उठली, पुरचुंडी घरात ठेवून आली, आणि मला म्हणाली, "वर्ध्याहून त्या गॅसवाल्याले बोलवा. कापणाऱ्याले."

कापणारे आले त्या दिवशी तिनं हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, आणि ड्रायव्हरच्या दाराला घटकाभर हात लावून बाजूला झाली. अण्णाजी खांबाला धरून ढसाढसा रडला. ती रडली नाही, पण जागची हललीही नाही. शेवटचा पत्रा टेम्पोत चढेपर्यंत उन्हात उभी होती. चेसिसच्या नंबरचा तुकडा कापून निघाला तेव्हा लाल होता. बादलीत टाकला तशी वाफ निघाली. थंड झाल्यावर तिनं तो पुसला आणि एका धुतलेल्या पंच्यात बांधला. अण्णाजीनं त्याच जागी टिनाचं छप्पर घालून दिलं, फळ्या तिथं लावल्या, आणि तिसऱ्या दिवशी साबण विकला जाऊ लागला.

त्या आठवड्यात आम्ही छिंदवाड्याला गेलो. मी, रुख्मिणी आणि गुंजन. मी म्हटलं होतं, पोरीची शाळा कशाला बुडवतं? ती म्हणाली, "तिच्यासाठीच जाऊन राह्यलो आपण." तोच पांढऱ्या केसांचा बाबू होता. त्यानं पंचा सोडला, चष्मा लावून तुकड्यावरचा एकेक आकडा रजिस्टरशी ताडून पाहिला, शिक्का मारला, पावती दिली. "हो गया, बहनजी. अब आपके नाम पर कुछ बाकी नहीं." तुकडा त्यानं मागच्या खोलीत नेला. तिथं तसल्या तुकड्यांचा ढीग असावा, कारण खणकन आवाज आला. रुख्मिणीनं डोळे मिटले. मग पंचा घडी करून पिशवीत ठेवला आणि म्हणाली, "चाला."

परतीच्या बसमध्ये गुंजन खिडकीशी, मधे रुख्मिणी, मी या बाजूला. उमरानाला आलं आणि रुख्मिणीनं बोलायला सुरुवात केली. सुरुवातीला अडखळत, मग भरभर. इथं बाजार भरे. इथं पिंपळाखाली आपलं दुकान राहे. तुहे बाबा बाईमाणसाले कधी भाव जास्त सांगत नव्हते, माणसाले सांगत. कढी प्याचे तं वाटीनं नाई, लोट्यानं. एकदा त्या नाल्यात गाडी फसली तं धोतर गुंडाळून असे उतरले का अख्खा बाजार पाह्यला आला. पोरगी ऐकत होती, मधेच विचारत होती, "मंग?" मी दुसरीकडं तोंड केलं होतं, पण कान तिकडंच.

घाट उतरला. खाली आंब्याचं झाड आलं तेव्हा रुख्मिणी थांबली. "इथं," एवढंच म्हणाली. बस थांबली नाही. गुंजन सीटवर गुडघे टेकून मागच्या काचेतून ते झाड दिसेनासं होईस्तोवर पाहत राहिली. मग नीट बसली.

"आई, बाबा हासत कसे?"

रुख्मिणीला कळलं नाही काय सांगावं. म्हणाली, "हासत म्हणजे... हासत चांगले." पोरीला ते पुरलं नाही. ती वाट पाहत राहिली. तेव्हा रुख्मिणीनं पदर खोचला, इकडंतिकडं पाहिलं, आणि भरल्या बसमध्ये ती हिरालालसारखी हसली. आधी नाकातून शीळ घातल्यासारखा श्वास, मग खांदे हलायला लागले, मग एकदम फुटलेलं ते बारीक, पोरकट हसू, शेवटी खोकल्यात जाणारं. मी ते हसू पार विसरलो होतो, आणि तो माणूस माझ्या शेजारच्या सीटवर येऊन बसला होता. पुढचे पाशिंजर वळून पाहू लागले. एक विधवा बाई भर बसमध्ये मोठ्यानं हसते आणि तिच्या गालांवरून पाणी वाहतं, लोकांनी काय समजायचं? मी डोळे वटारून सगळ्यांना पुढं पाहायला लावलं.

गुंजन हसली नाही. ती आईच्या तोंडाकडं पापणी न हलवता पाहत होती. हसू थांबलं तशी तिनं आईचा हात घट्ट धरला.

"आणखी एक डाव, आई," ती म्हणाली.